सुरुवातच दोऱ्याने

क्रोशा शिकायचा तर आधी जाड लोकर आणि जाड सुई घ्या, हात बसला की मग दोऱ्याकडे वळा, असं जो तो सांगतो. मी पहिल्यापासून सुती दोराच घेतला. आता ताटाभोवतीची एक महिरप पूर्ण झाली आहे आणि माझं मत पक्कं झालं आहे: ज्याला दोऱ्याचंच काम करायचंय त्याने लोकरीचा वळसा घेऊ नये. लोकरीला लव असते. त्या लवेत टाका झाकला जातो, सुई कुठे घालायची ते नीट दिसत नाही आणि ढिलं-घट्ट सगळं खपून जातं. दोऱ्यात काही झाकलं जात नाही. नवशिक्याला नेमकं हेच हवं.

मला शिकवलं खालच्या मजल्यावरच्या काकूंनी. सांगलीतल्या आमच्या इमारतीत त्यांच्या दारावर ‘शुभ लाभ’ विणलेलं पांढरं तोरण आहे. त्यांनी स्वतःच्या रुखवतासाठी केलेले रुमाल अजून त्यांच्या कपाटात आहेत, आणि धुऊन धुऊन मऊ झाले तरी त्यांतला एकही टाका सुटलेला नाही. मला गौरी जेवणाच्या ताटाभोवती मांडायला महिरप करायची होती. काकू म्हणाल्या, “महिरप म्हणजे गोल चकत्यांची माळ. एक चकती सपाट आली की तुझी महिरप झालीच समज. पण आधी दोरा बघून आण. पहिलाच दोरा बारीक आणलास तर चार दिवसांत टाकून देशील.”

दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे आधी कळलेलं बरं. क्रोशाच्या दोऱ्यात १० नंबर जाड, मग २०, ४०, ६० आणि ८० असे उतरत जाणारे बारीक. ८० नंबर म्हणजे हातरुमालाच्या कडेला लावतात ती नाजूक लेस. नवशिक्याने १० नंबरच घ्यावा. त्याला साधारण दीड मिलिमीटरची सुई लागते. २० नंबरला सव्वा आणि ४० नंबरला एक मिलिमीटर. हात घट्ट असेल तर एक माप वरची सुई घ्यायची. सुई मिलिमीटर बघूनच घ्यावी. पोलादी सुयांवर जे नुसते नंबर असतात ते देशागणिक वेगळे असतात, शिवाय काही पद्धतींत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. गणपती पेठेतल्या दुकानात मी पोनीची दीड मिलिमीटरची पोलादी सुई घेतली आणि अँकरचा क्रोशाचा दोरा, पांढरा आणि लाल. पांढऱ्याचे गुंडे एकाच लॉटचे घेतले. गुंड्याच्या कागदावर लॉट नंबर छापलेला असतो. पांढरा म्हणजे पांढरा असं आपल्याला वाटतं, पण दोन लॉटमधला फरक विणलेल्या कामात उन्हात उठून दिसतो.

क्रोशाच्या दोऱ्याला जी चमक असते ती मर्सराइज केल्याची. जॉन मर्सर या इंग्रज माणसाने १८४४ च्या सुमारास सूत कॉस्टिक सोड्यात बुडवून पाहिलं तेव्हा ते आटलं, पण बळकट झालं आणि रंग चांगला धरू लागलं. पुढे १८९० मध्ये होरेस लोव याने तीच क्रिया सूत ताणून धरून केली आणि चमक आली ती त्या ताणामुळे. सोड्यात कापसाचा चपटा, पीळ पडलेला तंतू फुगून गोल होतो, त्यामुळे उजेड सरळ परततो. हे सांगायचं कारण असं की विणताना या गुळगुळीतपणाचा फायदाही होतो आणि तोटाही. सुई दोऱ्यात अडकत नाही, सरसर चालते. पण टोकं नीट ओवून घेतली नाहीत तर तितक्याच सहज निसटून येतात.

काकूंनी पहिल्या बैठकीत सुई माझ्या हातात दिलीच नाही. नुसता दोरा दिला. डाव्या करंगळीला एक वेढा, मग अनामिका आणि मधल्या बोटाच्या खालून, आणि शेवटी तर्जनीवरून. अंगठा आणि मधलं बोट मोकळं, कारण पुढे काम त्या दोघांनी धरायचं असतं. तर्जनी थोडी उभी. आता उजव्या हाताने दोऱ्याचं टोक ओढायचं आणि दोरा डाव्या बोटांतून सावकाश, एकसारखा जातो का बघायचं. करंगळीचा वेढा फार आवळला तर दोरा अडतो, तर्जनी वाकते. सैल असला तर एकदम भसकन येतो. मध्येच कुठेतरी दोरा हलकी ओढ ठेवून सरकायला लागतो, तो अंदाज करंगळीला यायला हवा. “उजवा हात काय, नुसती सुई फिरवतो,” काकू म्हणाल्या. “विणतो तो डावा.”

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. पटलं ते साखळी घालायला बसल्यावर. सरकगाठ मारायची, सुईवर दोरा घ्यायचा, वेढ्यातून ओढून घ्यायचा, झाली एक साखळी. कृती एवढीच, पण साखळ्या एकसारख्या याव्यात म्हणून लक्ष द्यावं लागतं ते डाव्या तर्जनीकडे. शिवाय सुईचीही एक गंमत आहे. तोंडामागे तिची मान बारीक असते, मग सरळ दांडी आणि त्यापुढे अंगठा टेकवायचा चपटा भाग. दीड मिलिमीटर हे माप दांडीचं. वेढा मानेवर असतानाच पुढचा टाका ओढला तर टाका मानेच्या मापाचा होतो, म्हणजे घट्ट, आणि पुढच्या ओळीला त्यात सुई शिरत नाही. प्रत्येक वेढा दांडीवर येऊ द्यायचा, मगच पुढचा दोरा घ्यायचा. मला वाटतं नवशिक्यांना “हात घट्ट आहे” असं जे सांगतात त्यातला निम्मा घट्टपणा या मानेचा असतो. दोऱ्यात हे लगेच दिसतं. लोकरीत महिनोन्‌महिने कळणार नाही.

काकूंनी मला लांब साखळी घालायला लावली, मग उसवायला, मग पुन्हा घालायला. क्रोशात टाका पूर्ण झाला की सुईवर एकच वेढा उरतो, त्यामुळे उसवणं अगदी सोपं. दोन सुयांच्या विणकामात घरं निसटून खाली धावत जातात तसली धास्ती इथे नाही. तोच दोरा पुन्हा पुन्हा वापरायचा. त्याचा पीळ उकलून तो विसविशीत दिसायला लागला की तेवढा कापून टाकायचा.

मग एक पट्टी. वीस खांबांची. त्यासाठी बावीस साखळ्या घालायच्या आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घालायचा, कारण सुटलेल्या तीन साखळ्या मिळून एक खांब धरला जातो. खांब असा: सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, सुई टाक्यात घालून दोरा ओढून आणायचा, आता सुईवर तीन वेढे. दोरा घेऊन दोनांतून काढायचा, पुन्हा घेऊन उरलेल्या दोनांतून काढायचा. मुका खांब याहून बुटका. त्यात आधीचा वेढा नसतो. टाक्यातून दोरा आणला की सुईवर दोन वेढे, आणि त्या दोनांतून एकदाच काढायचा. साखळी, मुका खांब, खांब आणि जोडायला सरकटाका (सुई टाक्यात घालून दोरा टाका आणि वेढा दोन्हींतून एकदम काढायचा), एवढ्यावर महिरप, तोरण, रुमाल सगळं होतं. बाकीचे टाके याच हालचालीत एखादा वेढा वाढवून किंवा कमी करून येतात.

इथून पुढे काकूंनी मोजायला जवळजवळ बंदी घातली. त्या म्हणाल्या, “मोजत बसलीस की फोन वाजला, दूध उतू गेलं, तुझं सगळं गेलं. टाका बघायला शीक.” आणि त्यांनी पट्टी खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली. ओळीच्या वरच्या कडेवर प्रत्येक टाक्याचे दोन पेड आडवे पडलेले असतात, वरून बघितलं तर सगळी कड वेणीसारखी दिसते. पुढच्या ओळीची सुई या दोन्ही पेडांखालून जायला हवी. एकाच पेडाखालून गेली तर उरलेला पेड आडवी रेघ होऊन पुढे दिसतो. काही नक्षींत ती रेघ मुद्दाम ठेवतात. खांब कुठे आहे, साखळी कुठे आहे, कोणत्या टाक्यात दोन घातलेत, हे सगळं या कडेवरून ओळखता येतं. ओळीच्या टोकाला मात्र डोळा हमखास फसतो. आधीच्या ओळीच्या तीन साखळ्या खांबासारख्या दिसत नाहीत, त्यामुळे शेवटचा खांब त्यांच्या माथ्यावर घालायचा राहून जातो आणि पट्टी दर ओळीला एकेका टाक्याने निमुळती होत जाते. काकू त्या तिसऱ्या साखळीत एक छोटी सेफ्टी पिन अडकवून ठेवायला लावायच्या. पिनेपर्यंत आलं की शेवटचा खांब तिथेच. डोळा सरावल्यावर पिन लागली नाही.

चकतीची गोष्ट मला सगळ्यांत आवडली. काकूंनी एक नव्हे, मुद्दाम तीन चकत्या करायला लावल्या. तिन्हींची सुरुवात एकच: सहा साखळ्या, सरकटाक्याने जोडून कडं, कड्यात बारा खांब. पुढे पहिल्या चकतीत दर फेरीला सहाच खांब वाढवायचे, दुसरीत बारा, तिसरीत चोवीस. पहिलीच्या कडा वर उचलल्या आणि तिची वाटी झाली. दुसरी टेबलावर सपाट बसली. तिसरीला फेरीगणिक झालर पडत गेली. तिन्ही शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा कुठल्याही पुस्तकाशिवाय कळलं की चकती सपाट राहणं न राहणं वाढीवर आहे.

बाराच का, तेही नंतर कागदावर मांडून बघितलं. वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते त्याच्या सव्वासहा पट परीघ वाढतो. मुका खांब साधारण जेवढा रुंद तेवढाच उंच, म्हणून मुक्या खांबांच्या चकतीत दर फेरीला सहा वाढवतात. खांब रुंदीच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून बारा. पण हे माप ज्याच्या त्याच्या हाताचं. सैल हाताचा खांब लांबट येतो, त्याला बाराने किंचित वाटी होते आणि एखादा जास्त घालावा लागतो. म्हणून ‘दर फेरीला बारा’ हे सुरुवातीला धरायचं आणि फेरी झाली की चकती टेबलावर ठेवून बघायचं.

त्या तिसऱ्या, झालरीच्या चकतीला काकू “फुकटची” म्हणाल्या, पण गणितात तिला मोठा मान आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना तायमिन्या यांनी १९९७ मध्ये हायपरबोलिक प्रतल, म्हणजे सगळीकडे खोगिरासारखा वळलेला पृष्ठभाग, क्रोशाने विणून दाखवलं. त्या प्रतलाचे कागदी नमुने हाताळताना फाटायचे. क्रोशात ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवत गेलं की ते आपोआप तयार होतं, आणि विद्यार्थ्यांना घडी घालून, ताणून बघता येतं. रुमालाला झालर पडते ती आणि हे प्रतल, दोन्हींमागे एकच कारण. हे वाचल्यावर मी ती चकती उसवली नाही. ठेवली आहे.

दुसऱ्या, सपाट चकतीवर काम पुढे नेलं. बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस, अशा खांबांच्या चार फेऱ्या. मग कडेला लाल दोऱ्याचे कंगोरे: एक मुका खांब, दोन टाके सोडून एका टाक्यात पाच खांब, पुन्हा दोन सोडून मुका खांब. एका कंगोऱ्याला सहा टाके लागतात, म्हणजे अठ्ठेचाळिसात बरोबर आठ कंगोरे बसतात. आधीची गणती नीट असली की शेवटचा कंगोरा पहिल्याला येऊन मिळतो, त्याचा आनंद काही वेगळाच. माझ्या हाताने चकती साधारण तीन इंचांची येते.

लाल दोरा पांढऱ्याला लावण्याआधी त्याचा रंग जातो का ते बघावं. वीतभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती फडक्यात दाबून ठेवायचा. फडक्यावर गुलाबी रेघ उठली तर तो दोरा पांढऱ्या कामाला नको.

याच सुमारास मी छापील नक्षी बघायला लागले. इंग्रजी शब्दांच्या वाटेला गेलात तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: आपल्या मुक्या खांबाला अमेरिकी पुस्तकात सिंगल म्हणतात आणि ब्रिटिश पुस्तकात डबल. आपला साधा खांब अमेरिकेत डबल, ब्रिटनमध्ये ट्रेबल. पुस्तक कुठलं ते आधी बघायचं, नाहीतर सगळी नक्षी उंचीला चुकते. त्यापेक्षा खुणांची आकृती उत्तम. लंबगोल म्हणजे साखळी, फुली म्हणजे मुका खांब, आणि डोक्यावर आडवी व मध्ये एक तिरकी रेघ असलेली उभी काडी म्हणजे खांब. कुठल्याही देशाची आकृती असो, वाचता येते. काकूंना इंग्रजी फारसं येत नाही, पण आकृती समोर ठेवली की त्या सरळ सुई उचलतात.

विणताना माझा क्रोशाकडे बघायचा डोळा बदलला तो आणखी एका बाबतीत. बाजारात यंत्राच्या लेशी ढिगाने मिळतात, पण खरा क्रोशा यंत्रावर होत नाही. प्रदर्शनात दिसणारा क्रोशाचा प्रत्येक रुमाल कुणाच्या तरी हातांनी, एकेक टाका घालत झालेला असतो. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या दुष्काळात ख्रिस्ती जोगिणींच्या मठांनी मुलींना क्रोशाची लेस शिकवली आणि त्या कमाईवर कितीतरी घरं तगली. आपल्याकडे आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूरच्या परिसरात हा उद्योग मिशनऱ्यांमुळे एकोणिसाव्या शतकात रुजला आणि आजही तिथल्या बायका घरबसल्या निर्यातीसाठी विणतात. त्यांना नगावर मिळणारी मजुरी अतिशय कमी असते. माझी एक चकती व्हायला किती वेळ जातो ते मला आता माहीत आहे. त्यामुळे विणलेल्या रुमालाच्या किमतीत घासाघीस करणं मी बंद केलं आहे, आणि माझ्याबरोबर खरेदीला येणाऱ्यांनाही करू देत नाही.

महिरपीसाठी नऊ चकत्या लागल्या. जोडणी शिवून करायची नाही, विणता विणताच करायची. नव्या चकतीच्या कंगोऱ्यातला तिसरा खांब झाला की सुई आधीच्या चकतीच्या कंगोऱ्याच्या टोकात घालून सरकटाका, मग उरलेले दोन खांब. समोरासमोरचे कंगोरे जोडत गेलं तर सरळ पट्टी होते, कमान होत नाही. कमानीची युक्ती काकूंची. टोकाच्या दोन चकत्या सोडल्या तर मधल्या सातांत एक वळती, एक सरळ असं आलटून पालटून जोडायचं. सरळ चकतीत आतल्या बाजूला तीन आणि बाहेरच्या बाजूला तीन कंगोरे मोकळे राहतात. वळत्या चकतीत आत दोन, बाहेर चार. दुसरी, चौथी, सहावी आणि आठवी अशा चार वळत्या घेतल्या की अर्धवर्तुळ पूर्ण होतं, आणि अकरा इंची ताट आत बेताचं बसतं. मोठं ताट असेल तर दोन सरळ चकत्या वाढवायच्या.

टोकं लपवायला कंटाळा करू नये. बोटभर लांब टोक ठेवायचं, बोथट सुईत ओवून खांबांच्या पोटातून एका दिशेला न्यायचं, मग एक टाका सोडून उलट दिशेला परत आणायचं. गाठ मारायची नाही. गाठ पुढून टोचते आणि या गुळगुळीत दोऱ्यात ती सुटतेही.

शेवटी खळ. हा भाग नीट केला नाही तर चांगलं विणलेलं कामही चुरगळलेलं दिसतं. साबुदाणा भिजवून भरपूर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा आणि ती पातळ पेज फडक्यातून गाळून घ्यायची. गुठळी राहिली तर वाळल्यावर पांढरा डाग दिसतो. महिरप धुऊन, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं, खळीत बुडवायची आणि थर्मोकोलच्या शीटवर पसरायची. शीटवर आधी अर्धवर्तुळ आखून वर पातळ प्लास्टिक घातलं तर प्रत्येक चकती जागेवर बसवता येते. प्रत्येक कंगोऱ्याच्या मधल्या खांबाला एक टाचणी, बाहेरच्या बाजूला किंचित ओढून. टाचण्या गंज न धरणाऱ्याच हव्यात, ओल्या सुतावर पडलेला गंजाचा डाग जात नाही. पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायची, घाईने टाचण्या काढायच्या नाहीत. काकूंनी वाळलेली महिरप उचलून उजेडात धरली, उलटी करून टोकं तपासली आणि म्हणाल्या, “आता वीस नंबर आण.”

वीस नंबर आणला आहे, सव्वा मिलिमीटरच्या सुईसकट. ‘श्री’चं तोरण करायचं आहे, जाळीच्या विणीचं. त्यात एक मोकळं घर म्हणजे खांब, दोन साखळ्या, खांब, आणि भरीव घरात साखळ्यांच्या जागी दोन खांब. अक्षर आधी चौकटीच्या कागदावर उतरवून घ्यायचं. पण विणलेलं घर बहुधा उंचीपेक्षा रुंदीला जास्त येतं, त्यामुळे कागदावरचा सुबक ‘श्री’ विणल्यावर बसका दिसतो. म्हणून आधी दहा घरं गुणिले दहा घरांचा तुकडा विणून तो मोजते आहे. रुंदी जेवढी जास्त भरेल त्या हिशोबाने अक्षराच्या उंचीत ओळी वाढवायच्या. शिरोरेघ आणि काना चौकटीत सहज बसतात. ‘श’चा वळसा मात्र कागदावर अजून मनासारखा जमलेला नाही.